काळ्या वायरीचा इतिहास

काळी वायर म्हणजे काय, असे कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनला विचारा. तो आपल्याकडे जरा दयेने पाहील आणि म्हणेल, "अर्थ." म्हणजे मोटारीच्या पत्र्याला, बॉडीला जोडायची वायर. बाजारातून आज नवा स्टीरिओ आणला तर त्याच्या पाठीतून रंगीत वायरींचा एक झुपका बाहेर आलेला असतो. त्यातली काळी अर्थची, पिवळी कायम वीज असणारी आणि लाल किल्ली फिरवल्यावर वीज येणारी. हे आता जवळजवळ सगळीकडे ठरून गेले आहे. पण हाच प्रश्न जुन्या जर्मन मोटारीला विचारला तर उत्तर वेगळे येते. तिथे अर्थची वायर तपकिरी, आणि काळी चक्क जिवंत! जुन्या इंग्रज मोटारीत काळी अर्थचीच. पण तपकिरी मात्र बॅटरीकडून थेट आलेली, मध्ये फ्यूजसुद्धा नसलेली. जर्मन गाडीत जी वायर निर्धास्तपणे पत्र्याला टेकवावी, ती इंग्रज गाडीत टेकवली की ठिणगी उडाली म्हणून समजा. लाल रंग इंग्रजांनी बारीक दिव्यांना आणि मागच्या दिव्यांना देऊन टाकला होता. तेव्हा नव्या स्टीरिओची लाल वायर गाडीच्या लाल वायरीला जोडणारा मेस्त्री अक्षरशः दिवे लावतो. दिवे लावल्याशिवाय गाणे वाजत नाही.

आपल्या दुभाषी मुलुखात या प्रकाराचे नवल वाटू नये. 'राजीनामा' हा शब्द घ्या. मराठीत आणि कन्नडमध्ये राजीनामा दिला म्हणजे माणूस पद सोडून घरी बसला. हिंदी मुलुखातल्या कोर्टात तोच शब्द समझोत्याला वापरतात. शब्द एक, अर्थ दोन, आणि प्रत्येकाला आपलाच अर्थ मूळचा वाटतो. वायरींच्या रंगांचे तसेच आहे. फरक इतकाच की शब्दाचा अर्थ चुकला तर हसू होते, वायरीचा चुकला तर धूर होतो.

माझा विषय इतिहास. विजेशी माझा संबंध शाळेतला फ्यूज उडाला की वायरमनला बोलावण्यापुरता. तरीही या भानगडीत मी पडलो तो एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो बेळगावात मोटारींच्या विजेची कामे करतो. एके दिवशी तो एक फाटके इंग्रजी पुस्तक घेऊन घरी आला. कॅम्पात राहणाऱ्या एका वयोवृद्ध डॉक्टरांकडे त्यांच्या वडिलांच्या वेळची मॉरिस मायनर आहे. आपल्याकडे ही गाडी 'बेबी हिंदुस्तान' या नावाने विकली जाई. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीची ती गाडी अजून चालते. डॉक्टरांचे वडील भजनी मंडळात गात. त्यांच्या आवाजातली काही भजने जुन्या टेपांवर होती, ती नातवाने पेनड्राइव्हवर उतरवून दिली. वडिलांचा आवाज वडिलांच्याच गाडीत बसून ऐकावा, एवढी डॉक्टरांची इच्छा. त्यासाठी बाहेरगावच्या एका मेस्त्रीकडून नवा स्टीरिओ बसवून घेतला.

मेस्त्रीने सवयीप्रमाणे काळी वायर बॉडीला आवळली, पिवळी आणि लाल जिवंत वायरीला. फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. मग त्याने आपल्याकडचा सनातन उपाय केला. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद फ्यूजला गुंडाळला. कागद जळला नाही. त्याच्याऐवजी डॅशबोर्डामागची सत्तर वर्षांची सुती वेष्टणाची वायर जळू लागली. नातवाने प्रसंगावधान राखून बॅटरीची वायर ओढून काढली, म्हणून गाडी वाचली. हातभर वायरिंग आणि नवा स्टीरिओ मात्र गेला.

"सर, आकृती मला कळते, पण ही अक्षरे कळत नाहीत," विद्यार्थी म्हणाला. पुस्तकातल्या नकाशावर प्रत्येक रेघेवर एकेक इंग्रजी अक्षर होते. 'बी' काळ्याला दिलेले, म्हणून तपकिरीला 'एन' आणि निळ्याला 'यू'. हे उलगडेपर्यंत माझा अर्धा तास गेला. तेवढ्यात त्याने बॅटरीच्या चित्रावर बोट ठेवले. "आणि हे बघा सर. प्लस बॉडीला दाखवलाय. छापताना चुकलंय काय?"

छापताना चुकले नव्हते. त्या गाडीत बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले होते आणि ऋण टोक जिवंत होते. असे का, हे शोधायला मी बसलो तो पुढचे दोन महिने त्यातच गुंतलो. जे हाती आले ते इथे देतो.

मोटारीत रेडिओ वाजवण्याचा नाद मोटारीइतका जुना नसला तरी बराच जुना आहे. त्याला धंद्याचे रूप आले ते १९३० साली. शिकागोत पॉल गॅल्विन नावाचा एक उद्योजक घरगुती रेडिओ विजेवर चालावेत यासाठी लागणारे 'बॅटरी एलिमिनेटर' तयार करत असे. मंदी आली, विजेवर चालणारे रेडिओ आले, आणि त्याचा माल खपेना. त्याने आपल्या स्टुडबेकर मोटारीत एक रेडिओ बसवला आणि तो वाजवत थेट अ‍ॅटलांटिक सिटीला रेडिओ उत्पादकांच्या अधिवेशनाला गेला. आत दुकान मांडायला पैसे नव्हते, म्हणून गाडी बाहेर उभी करून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवू लागला. या रेडिओचे नाव त्याने ठेवले 'मोटोरोला'. पुढे १९४७ मध्ये कंपनीलाच ते नाव मिळाले. किंमत शंभर डॉलरच्या वर होती आणि बसवायला माणसाला चांगलेच राबावे लागे. युरोपात जर्मनीच्या ब्लाउपुंक्टने १९३२ साली मोटारीचा रेडिओ काढला. तो इतका अवजड होता की तो एका जागी ठेवून त्याचे बटण सुकाणूच्या दांड्याजवळ आणावे लागे.

अडचण अशी होती की ते रेडिओ वाल्व्हचे. वाल्व्हला दोनशेच्या आसपास व्होल्टचा दाब हवा, आणि मोटारीच्या बॅटरीचा दाब ६ व्होल्ट. सुरुवातीला त्यासाठी वेगळ्या बॅटऱ्या फळीखाली ठेवत. मग 'व्हायब्रेटर' आला. एक पोलादी पट्टी सेकंदाला शंभराहून अधिक वेळा थरथरून बॅटरीची वीज तोडे आणि जोडे. अशा तुटक विजेचा दाब ट्रान्सफॉर्मरने वाढवता येतो. त्या काळचा मोटारीतला रेडिओ लावला की आधी भुंग्यासारखी घरघर ऐकू येई, ती या पट्टीची. या व्यवस्थेचा एक फायदा असा की पुष्कळशा रेडिओंना धन टोक बॉडीला आहे की ऋण, याचे फारसे सोयरसुतक नसे. म्हणूनच इंग्रज आणि अमेरिकन कारखान्यांची याबाबतीतली भांडणे तीस वर्षे कुणाला जाणवली नाहीत.

आता ती भांडणे. मोटारीत प्रत्येक दिव्याला दोन वायरी नेण्याऐवजी एकच नेतात आणि परतीचा रस्ता गाडीच्या पत्र्यातून काढतात. त्यामुळे तांबे निम्मे वाचते. पण बॅटरीचे कोणते टोक पत्र्याला जोडायचे? दिव्याला, भोंग्याला कसलाच फरक पडत नाही. निसर्गाने नियम घालून दिला नाही की माणसे आपापला घालतात. अमेरिकेत जनरल मोटर्सने ऋण टोक पत्र्याला दिले, फोर्डने धन. फोर्डच्या गाड्या १९५५ पर्यंत ६ व्होल्टच्या आणि धन-अर्थच्या होत्या. १९५६ च्या गाड्यांपासून १२ व्होल्ट आणि ऋण-अर्थ आले. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीच्या हातात देशातल्या बहुतेक मोटारींची वीज होती. या कंपनीला तिकडचे मोटारप्रेमी थट्टेने 'अंधाराचा राजपुत्र' म्हणत. तिने १९३० च्या दशकात धन-अर्थ स्वीकारला. त्याची कारणे दोन दिली जात: बॅटरीच्या टोकांना आणि तारांना गंज कमी चढतो, आणि स्पार्क प्लगला ठिणगी पाडणे सोपे जाते. दुसरे कारण तर इग्निशन कॉइलच्या दोन वायरी उलटवूनही साधता आले असते. पण एकदा कारखान्यात पद्धत पडली की कारण मागे पडते आणि पद्धत उरते. हे शाळेत तीस वर्षे काढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

व्होल्टचा मामला त्या मानाने सरळ आहे. दाब निम्मा असला की तेवढ्याच कामाला प्रवाह दुप्पट लागतो, वायर जाड लागते आणि थंडीत मोठे इंजिन फिरवताना बॅटरीला धाप लागते. जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक, ब्यूक आणि ओल्ड्समोबाइल १९५३ साली १२ व्होल्टवर गेल्या आणि दोनतीन वर्षांत बाकीचे मागोमाग आले. फोक्सवॅगनची बीटल १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत सहावरच होती. दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्याकडे लिलावात आलेल्या विलीज जीपही सहाच्याच.

धन-अर्थची खरी पंचाईत केली ती ट्रान्झिस्टरने. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तो जन्मला आणि १९५५ साली क्रायस्लर आणि फिल्को यांनी मिळून संपूर्ण ट्रान्झिस्टरचा मोटार-रेडिओ जाहीर केला. घरघर गेली, रेडिओ लहान झाला, लावल्या क्षणी वाजू लागला. मात्र ट्रान्झिस्टरला धन आणि ऋण नीट कळते. उलट जोडला की क्षणात मेला. काही वर्षे रेडिओवाल्यांनी तडजोड केली. पाठीमागे एक छोटा प्लग ठेवला, तो काढून उलटा बसवला की रेडिओ दुसऱ्या पद्धतीच्या गाडीला चाले. मग डायनॅमोच्या जागी आल्टरनेटर आले. त्यातले डायोडही याच जातीचे असल्यामुळे सगळ्यांनी एका बाजूला यावे हे सोयीचे ठरले. जग्वार ई-टाइप १९६४ च्या अखेरीस, एमजीबी १९६७ मध्ये ऋण-अर्थवर गेली. बर्मिंगहॅमने हार मानली. मायनरने मात्र १९७१ मध्ये उत्पादन संपेपर्यंत आपली जुनी रीत बहुतांशी सोडली नाही.

हिंदुस्थानात हा वाद वेगळ्या रूपाने आला. उत्तरपाऱ्याला हिंदुस्तान मोटर्स मॉरिसच्या गाड्या तयार करी. बेबी हिंदुस्तान, मग लँडमास्टर, मग मॉरिस ऑक्सफर्डवरून केलेली अँबॅसडर, जी २०१४ मध्ये बंद झाली. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीत इटलीच्या फिएटची ११०० होई, आणि फिएटची परंपरा ऋण-अर्थची. एकाच गॅरेजात बर्मिंगहॅमचे व्याकरण शिकलेली गाडी आणि तुरीनचे व्याकरण शिकलेली गाडी शेजारी शेजारी उभ्या असत. जुने मेस्त्री हे जाणत. बॉनेट उघडल्यावर ते पहिल्यांदा बॅटरीची पत्र्याला जाणारी पट्टी कुठल्या टोकाची आहे ते बघत आणि मगच पाना हातात घेत. त्यांतले बरेचसे शाळेत फार गेलेले नव्हते. ही सवय त्यांच्यामागून आलेल्यांत राहिली नाही, कारण पुढच्या सगळ्या गाड्या एकाच रीतीच्या आल्या. म्हणून बाहेरगावच्या त्या मेस्त्रीला मी चंदेरी कागदाबद्दल दोष देतो. काळ्या वायरीबद्दल तितकासा नाही. त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

डॉक्टरांच्या गाडीत डॅशबोर्डाखाली एक वाल्व्हचा रेडिओ अजून आहे, मुका. त्याच्याबरोबरच्या कागदांत परवान्याचे पुस्तकही सापडले. आजच्या मुलांना हे खरे वाटत नाही, पण आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओ बाळगायला परवाना लागे आणि दरवर्षी पोस्टात जाऊन त्याचे पैसे भरावे लागत. डॉक्टर सांगतात, घाटातून गोव्याकडे उतरताना धारवाड केंद्र हळूहळू मागे राही आणि पणजी लागे. धारवाडचे केंद्र १९५० चे, सांगलीचे १९६३ चे, आणि पणजीचे पोर्तुगीज अमलातले केंद्र १९६१ नंतर आकाशवाणीकडे आले. एका बटणाच्या फेऱ्यात कन्नड, मराठी आणि कोकणी. कुठली सीमा कुठे आहे हे त्या सुईला ठाऊक नव्हते, आणि ऐकणाऱ्यांनाही त्याची फारशी फिकीर नव्हती.

आता प्रश्न होता पुढे काय करायचे. नव्या स्टीरिओचा पत्र्याचा डबा आतून ऋण टोकाला जोडलेला असतो, एरियलच्या वायरीचे वेष्टणही. धन-अर्थ गाडीत तो डबा डॅशबोर्डाला नुसता टेकला तरी थेट शॉर्ट. केवळ वायरी उलट जोडून भागत नाही ते यामुळे. शिवाय स्पीकरची आणखी एक गोम आहे. जुन्या रेडिओत स्पीकरची एक वायर बॉडीला जोडलेली चाले. नव्यात स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॅटरीच्या साधारण निम्मा दाब असतो आणि त्यातली एकही पत्र्याला लागता कामा नये. लागली की आतली चिप जाते. म्हणजे जुना स्पीकर जसाच्या तसा वापरणेही शक्य नाही. स्टीरिओच्या खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' असे ठळक छापलेले असते, पण पाठीला फ्यूज १० किंवा १५ अँपिअरचा. पंधराला बाराने गुणा, १८० येतात. चौथीच्या मुलालाही दोनशेची थाप कळेल. आणि मायनरचा डायनॅमो तर सगळे मिळून वीस अँपिअरच्या आसपासच देणार, तेही इंजिन जोरात फिरत असताना.

पहिला मार्ग अख्खी गाडी ऋण-अर्थ करण्याचा. हे वाटते तितके अवघड नाही. बॅटरीची टोके उलटवायची, कॉइलच्या वायरी अदलाबदल करायच्या, अ‍ॅमीटर असेल तर त्याच्याही, आणि डायनॅमोच्या फील्डच्या टोकाला बॅटरीची जिवंत वायर क्षणभर टेकवून त्याचे चुंबकत्व फिरवायचे. जगभर जुन्या इंग्रज गाड्यांचे मालक हे करतात, आणि पुन्हा पूर्ववत करता येते म्हणून त्यात वावगेही काही नाही. पण डॉक्टरांना ते पसंत पडेना. "बाबांनी ठेवली होती तशी राहू दे," एवढेच ते म्हणाले. विद्यार्थ्यालाही वेगळी भीती होती. नव्या वायरी ओढताना सत्तर वर्षांचे सुती वेष्टण हात लावला की गळून पडते. रंग तेलाने आणि धुळीने असे झालेत की काळी कुठली आणि तपकिरी कुठली हे उजेडात धरूनही सांगता येत नाही. शिवाय साऱ्या गाडीत फ्यूज दोनच.

डॅशबोर्ड कापून नवा सेट बसवण्याची सूचना एका शेजाऱ्याने केली. नवे सेट १८० मिलिमीटर रुंद आणि ५० उंच. हे माप पश्चिम जर्मनीत ठरले आणि जगभर गेले. मायनर त्याच्या फार आधीची. डॉक्टरांनी त्या शेजाऱ्याला चहा दिला आणि विषय बदलला. मला विचाराल तर अशा गाडीचा पत्रा कापणे आणि मोडी दस्तावर बॉलपेनने सही करणे यांत मला फरक दिसत नाही. कापलेली वायर, पाडलेले भोक परत येत नाही, आणि पुढच्याला मूळ काय होते ते कळायची सोय राहत नाही.

अखेर तोडगा विद्यार्थ्यानेच काढला. घरच्या यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासांची छोटी बॅटरी आणली. सुताराकडून सागवानी खोके करून घेतले. त्यात बॅटरी, नवा सेट आणि दोन स्पीकर. खोके मागच्या सीटवर पट्ट्याने बांधायचे. या बॅटरीचे कोणतेही टोक गाडीला जोडलेले नाही. त्यामुळे डबा चुकून पत्र्याला टेकला तरी वीज परत यायला रस्ताच नाही. गाडी धन-अर्थ, खोके ऋण-अर्थ, आणि दोघांचे एकमेकांशी देणेघेणे नाही. मध्यम आवाजात तीन-चार तास वाजते, मग घरी चार्जरला लावायचे. जळालेल्या हातभर वायरिंगच्या जागी त्याने त्याच रंगांच्या वायरी शोधून घातल्या. लाखेच्या सुती वेष्टणाची वायर आपल्याकडे मिळेना, म्हणून साध्या वायरीवर त्याने चक्क पायजम्याची नाडी चढवली.

रेडिओ लावला तर इंजिनाच्या ठिणग्यांची कडकड ऐकू येते. ती घालवायला प्लगच्या वायरींना रोधक लावावे लागतील, तेवढे अजून व्हायचे आहे. भजनांना तो त्रास नाही. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी गाडी शेडमधून बाहेरसुद्धा काढली नाही. दार लावून आत बसले आणि तिन्ही टेपांवरचे सगळे ऐकले. मधेच एका ठिकाणी कुणीतरी खोकते, ते खोकणे आईचे आहे असे त्यांनी आम्हाला सांगितले.

खोक्याच्या झाकणावर आता एक कागद डकवला आहे: 'या बॅटरीची कोणतीही वायर गाडीला जोडू नये. गाडीचे धन टोक बॉडीला आहे.' मराठी मजकूर मी सांगितला, कन्नड विद्यार्थ्याने लिहिले. कुठली भाषा वर ठेवायची यावर दोन मिनिटे खल झाला. मग त्याने दोन्ही शेजारी शेजारी लिहिल्या आणि मधे तांबड्या रंगाने एक मोठा अधिक काढला.